बोर्ड ठोकायच्या आधी जुन्या फळीमागे बघा : इंग्लंडात दुकान टाकणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

परवा गणपतीच्या कार्यक्रमात एका जोडप्याने मला मोबाईलवर फोटो दाखवले. नवीन गाळा घेतलाय लीजवर, वर फ्लॅट, खाली दुकान, दीडदोनशे वर्षांचं घर, लिस्टेड आहे म्हणे, आणि लगेच पुढचं वाक्य, "आधी तो पुढचा जुना लाकडाचा सगळा कचरा काढून टाकणार, मग मस्त एसीपीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकचकीत तक्त्याचा बोर्ड, आत एलईडी." आजूबाजूचे चारपाच जण माना डोलावत होते आणि त्यातल्या दोघांनी आपापल्या कौन्सिलच्या नावाने खडे फोडून घेतले. मी तिथे काही बोलले नाही. आरती सुरू झाली होती, आणि खरं सांगायचं तर उत्सवात कोणाच्या उत्साहावर पाणी ओतणारी बाई व्हायचा मला कंटाळा आलाय. पण घरी आल्यावर झोप लागेना म्हणून हे लिहितेय. त्या जोडप्याला नाही फक्त, तुम्हा सगळ्यांनाच, म्हणजे इथे किराणा, कॅफे, वडापाव, साड्या, दागिने, काय असेल ते दुकान जुन्या घरात टाकायला निघालेल्या सगळ्यांना.

माझी ओळख म्हणाल तर मी मोठी आर्किटेक्ट वगैरे नाही, जुन्या घरांची मापं घेऊन ड्रॉइंग काढणं आणि परवानगीचे कागद तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणजे लोकांच्या तळघरात टॉर्च घेऊन वाकून फिरणारी बाई.

आधी एक शब्द क्लिअर करू कारण दरवेळी घोळ होतो. टेरेस्ड हाऊस म्हणजे गच्चीवालं घर नव्हे हो! माझी आत्या पहिल्यांदा आली तेव्हा दोन दिवस गच्चीचा जिना शोधत होती, पापड वाळवायला. टेरेस्ड म्हणजे आपण ज्याला रो हाऊस म्हणतो ते, भिंतीला भिंत लागून एका रांगेत. आणि लिस्टेड म्हणजे सरकारी यादीत नाव चढलेलं. ही यादी दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यांनंतर सुरू झाली, कुठलं पडकं घर पाडायचं आणि कुठलं वाचवायचं हे ठरवायला काहीतरी हवं होतं म्हणून. १९४७ च्या कायद्याने तिला नीट रूप आलं. आज इंग्लंडात जवळपास चार लाख नोंदी आहेत, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू, आणि ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, फक्त अडीच टक्के. १७०० च्या आधीचं जे काही बऱ्यापैकी मूळ अवस्थेत उभं आहे ते सगळंच यादीत जातं आणि १७०० ते १८५० मधलं बहुतेक. म्हणजे तुमच्या गाळ्याच्या वर जॉर्जियन, म्हणजे साधारण १७१४ ते १८३० च्या काळातल्या खिडक्या दिसत असतील तर चान्सेस फार आहेत. यादी ऑनलाइन फुकट बघता येते, लीजवर सही करायच्या आधी पाच मिनिटं काढा एवढंच म्हणणं आहे. सही झाल्यावर मला फोन करून "आता काय करायचं" विचारणारे फार झाले.

आता तो "कचरा".

एकदा वेळ काढून लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला उतरा आणि आर्टिलरी लेनमध्ये जा, पाच मिनिटं चालायला. स्पिटलफील्ड्सचा भाग. तिथे ५६ नंबरचं घर आहे, ग्रेड वन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रांगेतलं हे साधं विटांचं घर, आणि १७५० च्या दशकात, साधारण १७५६-५७ ला, एका रेशीमवाल्याने त्याचा खालचा भाग फोडून दुकान काढलं. फ्रान्सिस रायबॉट नाव त्याचं. शेजारी ५८ मध्ये निकोलस जोर्डेन, तोही रेशीमवालाच. दोघेही ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्सच्या प्रोटेस्टंट लोकांच्या समाजातले. फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, १६८५ मध्ये त्यांना आधी मिळालेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं तेव्हा हजारोंनी ते लोक समुद्र ओलांडून इकडे आले, आणि लंडन शहराच्या वेशीबाहेर, जिथे व्यापारी गिल्डचे नियम फारसे लागत नव्हते तिथे माग टाकून बसले. सांगायचा मुद्दा, तुम्ही ज्याला "गोऱ्यांचा हेरिटेज" म्हणून नाक मुरडताय ते लंडनमधलं सगळ्यात देखणं जॉर्जियन दुकान परदेशातून आलेल्या आणि इंग्रजी उच्चारांवरून चेष्टा होणाऱ्या लोकांचं आहे. आपल्यासारख्याच.

ते दुकान नीट बघा मात्र. रस्त्यावर थोड्या पुढे आलेल्या दोन खिडक्या, छोट्या छोट्या काचांच्या, त्यांच्या बाजूला लाकडाचे गोल खांब, वर देवळाच्या कपाळपट्टीसारखी आडवी पट्टी. आणि दारं दोन. एक दुकानाचं, दुसरं घराचं. हे दोन दारांचं प्रकरण मला फार आवडतं कारण तिथे घर आणि धंदा यांची वाटणी सरळ दिसते, गिऱ्हाईक इकडून, घरचे तिकडून, आणि घराचं दार जास्त नटवलेलं, वर नक्षी बिक्षी. माझं आजोळ साताऱ्याचं, आजोबांचं किराणा दुकान वाड्याच्या पुढच्या ओसरीवर, आणि आम्हा पोरांना दुकानातून घरात शिरायची सक्त मनाई होती, बोळातल्या दिंडी दरवाजाने यायचं. ५६ नंबरसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला पहिलं तेच आठवलं.

शेजारच्या ५८ ची गंमत अजून वेगळी. त्याचं पुढचं लाकूडकाम १८२७ च्या सुमाराला बदललं, त्या वेळच्या फॅशनप्रमाणे. म्हणजे एकाच वेळी दुकान झालेली दोन जुळी घरं, एकाने जुना सदरा ठेवला आणि दुसऱ्याने सत्तर वर्षांनी नवा शिवला, आणि आज दोन्ही ग्रेड वन. नंतर या जागेत कितीतरी वर्षं किराणा होता. आतली कोरीव लाकडी खोली सोडवून अमेरिकेत शिकागोच्या म्युझियममध्ये गेली आणि पुढे परतही आली, १९७२ मध्ये आग लागली, बरीच वर्षं घरं तशीच पडून होती. २००९ पासून तिथे रेव्हन रो नावाची कलादालन संस्था आहे. हे नाव म्हणजे त्या गल्लीच्या तुकड्याचं १८९५ पर्यंतचं जुनं नाव. प्रदर्शन चालू असेल तर आत जाता येतं, पैसे लागत नाहीत.

तर "लिस्टेड म्हणजे खिळापण ठोकायचा नाही" असं जे आपल्यात बोललं जातं ते खरं नाही, आणि "लाकडाचा कचरा" हेही खरं नाही. ही घरं बदलतच आली आहेत. दुकानाचा दर्शनी भाग हाच मुळात त्या घरात केलेला बदल आहे! कोणीतरी धंद्यासाठी घराची भिंत फोडली, आणि ते काम इतकं नीट केलं की अडीचशे वर्षांनी लोक फोटो काढतायत. तुम्ही त्या रांगेत पुढचे. म्हणूनच आधीच्याने काय केलंय ते बघितल्याशिवाय हातोडा मारू नका, माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी हे सगळं पत्र त्याचं स्पष्टीकरण.

बघायचं म्हणजे काय बघायचं? बाहेर उभं राहा, रस्त्याच्या पलीकडे, दुकानाकडे नको, वर बघा. १६६६ च्या आगीनंतर लंडन विटांनी बांधायचं ठरलं आणि मग आगीच्याच भीतीने एकेक नियम येत गेले. १७०७ ला छपराखालची लाकडी पट्टी बंद केली, म्हणून त्यानंतरच्या घरांना वर विटांचा कठडा दिसतो आणि छप्पर त्याच्या मागे लपतं. १७०९ ला खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ ला चौकटीची पेटीच विटांच्या आड ढकलली. म्हणजे खिडकी भिंतीच्या किती आत आहे एवढं बघून घराचं वय साधारण सांगता येतं. साधारणच हां, कारण नियम लंडनचे होते, बाहेरच्या गावांनी ते फॅशन म्हणून उशिरा उचलले आणि लंडनमध्येपण लोक नियम मोडायचेच, त्यात आपली मक्तेदारी नाही.

पाट्यांचं तर विचारूच नका. आधी दुकानांना नंबर नव्हते, मग ओळख म्हणजे लोखंडी दांडीवर लटकलेली चित्राची पाटी, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठी हवी. १७१८ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ अशी एक पाटी घराची पुढची भिंतच घेऊन खाली आली आणि चार माणसं मेली. १७६० च्या दशकात लटकत्या पाट्या बंद झाल्या, सपाट भिंतीला लावा म्हणाले, आणि त्याच सुमाराला घरांना नंबर आले. दुकानाच्या वर आडवी पट्टी आणि तिच्यावर मालकाचं नाव, हा जो प्रकार आपल्याला सनातन वाटतो तो तिथून पक्का होत गेला. पुढे आलेल्या खिडक्यांवरही १७७४ ला लगाम आला, मोठ्या रस्त्यावर दहा इंच आणि अरुंद गल्लीत पाच इंच, त्याहून पुढे यायचं नाही. म्हणजे "कौन्सिल आमच्या बोर्डाची इंचात मापं काढतं" अशी तक्रार ऐकली की मला हसू येतं. अडीचशे वर्षं काढतंय ते.

काचेबद्दल. जुन्या खिडकीत थोडी हलल्यासारखी दिसणारी, पलीकडचा लाल डबलडेकर जरासा वितळल्यासारखा दाखवणारी काच असेल तर प्लीज प्लीज ती काढू नका. ती फुंकून, गरगरा फिरवून ताटासारखी पसरवलेली काच आहे, त्यामुळे तिचे तुकडे छोटेच मिळायचे आणि १७४५ ते १८४५ काचेवर करही होता. तो कर गेला, १८५१ ला खिडक्यांवरचा करही गेला, आणि मग मोठमोठ्या सलग काचा लावायची लाट आली. म्हणून व्हिक्टोरियन, म्हणजे १८३७ नंतरच्या राणीच्या काळातल्या दुकानाला मोठ्या काचा आणि मोजक्या दांड्या, जॉर्जियन दुकानाला छोटे चौकोन आणि पुष्कळ दांड्या. एका कॅफेवाल्याने व्हिक्टोरियन दुकानाला "जुना लुक" म्हणून छोट्या चौकोनांच्या आणि मधे बाटलीच्या बुडासारखा फुगवटा असलेल्या काचा बसवल्या होत्या. नाताळच्या भेटकार्डासारखं दिसत होतं ते. नसलेला इतिहास चिकटवू नका, असलेला पुरे आहे.

आता भिंत फोडण्याबद्दल, कारण ही गोष्ट खरंच महत्त्वाची आहे आणि हीच कोणी सांगत नाही. घराचं दुकान करताना तळमजल्याची पुढची विटांची भिंत काढली म्हणजे वरच्या दोनतीन मजल्यांची भिंत कशावर उभी? एका आडव्या लाकडी तुळईवर. इथे तिला ब्रेसमर म्हणतात. तुमच्या दुकानाच्या नावाची पट्टी जिथे आहे ना, बरोबर तिच्या मागे ही तुळई असते. अख्ख्या घराचा चेहरा तिच्यावर.

एका ओळखीच्या कुटुंबाचं दुकान आहे, लंडनबाहेर, गाव सांगत नाही. त्यांचा फोन आला की पुढचं दार अडकतंय. सुताराने रंधा मारून दिला, चार महिन्यांनी परत अडकलं, परत रंधा, तिसऱ्यांदा म्हणे दारच बदला. मी गेले तेव्हा दाराकडे बघितलंच नाही, सरळ वर त्यांच्या बेडरूममध्ये गेले आणि खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिल ठेवली. घरंगळत डाव्या कोपऱ्यात गेली. परत ठेवली, परत गेली. वहिनी म्हणाल्या, "अहो ते जुनं घर आहे, असतंच थोडं." असतं, खरंय, जुनी घरं वाकडी असतातच, पण वाकडेपण जुनं असेल तर चिरेत रंग आणि धूळ भरलेली असते, इथे गिलाव्यातली चीर आतून पांढरी स्वच्छ होती, म्हणजे ताजी.

मग परवानगीच्या अधिकाऱ्याला कळवून, फोटो काढत काढत, पट्टी उघडली. सगळ्यात बाहेर यांचा चकचकीत बोर्ड. त्याच्या मागे आधीच्या भाडेकरूचा प्लॅस्टिकचा बोर्ड. त्याच्या मागे प्लायवूड. आणि प्लायवूड सुटल्यावर काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं, हाताने रंगवलेली, सावली दिलेली, अर्धं आडनाव आणि "अँड सन्स" एवढंच उरलेलं. दादा, म्हणजे दुकानाचे मालक, शिडीवर होते ते खाली उतरून रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "यांची पोरं कुठे असतील आता?"

पण आनंद तिथेच संपला कारण डावीकडच्या टोकाला तुळईत मी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो दांड्यापर्यंत आत गेला. शिळ्या केकसारखं लाकूड. कारण काय? पूर्वी त्या पट्टीच्या वरच्या कंगणीवर शिशाचा पत्रा होता, पाणी पुढे सरकून खाली पडायला. कुठल्यातरी बोर्डवाल्याने तो पत्रा अर्धा कापला, बोर्डाच्या कडेने सिलिकॉन मारलं, वरून पाणी शिरायची वाट उघडी आणि खालून निघायची वाट बंद. दहाबारा पावसाळे, आणि इथे पावसाळा म्हणजे काय बाराही महिने. काम काय करावं लागलं तर भिंतीतून आडवे दांडे घालून वरचं सगळं वजन टेकूंवर घेतलं, तुळईचं कुजलेलं टोक कापून तिथे नवीन ओकचा तुकडा सांधला, बाजूंनी पोलादी पट्ट्या, परत शिशाचा पत्रा. दुकान कित्येक आठवडे बंद आणि ते नेमके दिवाळीचे. आता दार एका बोटाने उघडतं, रंधा मारून मारून बारीक झालेलं असल्यामुळे उलट फटीतून वारा येतो.

सोनेरी अक्षरं त्यांनी ठेवली. झाकली नाहीत, पुन्हा रंगवलीही नाहीत, त्याखाली काचेवर आपलं नाव लिहिलं. गिऱ्हाईक विचारतं, हे सन्स म्हणजे तुम्ही का? स्पिटलफील्ड्समधल्या ब्रशफील्ड स्ट्रीटवर "ए. गोल्ड, फ्रेंच मिलिनर्स" अशी टोपीवाल्यांची जुनी पाटी ४२ नंबरवर ठेवून खाली खाण्याच्या पदार्थांचं दुकान चाललं, आणि दुकानाचं नावच ए. गोल्ड पडलं. सांगायचं काय, जुनी पाटी धंद्याला मारत नाही.

सिमेंटबद्दल एकच सांगते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे, ती पाणी पिते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट मारला की पाणी आत अडकतं, विटांचे पापुद्रे निघतात, आणि मग तुम्ही "ओल येते" म्हणून अजून सिमेंट मारता. आपल्या गावाकडच्या गवंड्याला हे माहीत होतं. इथला स्वस्तातला बिल्डर मात्र ऐकायला तयार नसतो.

आणि वजन! राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशोबाने धरतात, दुकानाची चारशेच्या, गोदामाची त्याहूनही जास्त. तुमची तांदळाची वीस वीस किलोची पोती भिंतीला लावून छातीएवढी रचली की हिशोब करा. खाली तळघर आहे, मधे लाकडी कडीपाट आहे, तो कडीपाट मुळात टेबल खुर्ची आणि चार पाहुणे यांच्यासाठी होता. माल तळघराच्या फरशीवर ठेवा, मात्र ओल बघून. वर पोटमाळ्यावर तर अजिबात चढवू नका.

आता कागदपत्रांचं, पटकन. परवानग्या एक नाही, तीन वेगवेगळ्या असू शकतात आणि इथेच सगळे अडकतात. एक प्लॅनिंगची, वापर बदलायची. १ सप्टेंबर २०२० पासून दुकान, कॅफे, ऑफिस वगैरे एकाच वर्गात आलेत, वर्ग ई, त्यामुळे साडीच्या दुकानाचा कॅफे करायला बहुतेक वेळा वापराची परवानगी लागत नाही. पण गरम खाणं बांधून नेण्याचा धंदा त्या वर्गात नाही, म्हणजे बसून मिसळ खाल्ली तर एक आणि वडापाव कागदात गुंडाळून नेला तर दुसरं, हसा पण हे खरंय. दुसरी लिस्टेड बिल्डिंगची संमती, आतल्या कामालाही लागते, "आतून काय करतो कोणाला दिसतंय" हे डोक्यातून काढा, यादीत फक्त तोंड नसतं, अख्खं घर असतं, जिना, पॅनेलिंग, फायरप्लेस सगळं. तिला फी नाही, शून्य. तिसरी जाहिरातीची, म्हणजे बोर्डाची. जसंच्या तसं रिपेअर करायला सहसा संमती लागत नाही, पण जसंच्या तसं म्हणजे काय हे सुताराला नाही, कन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे कौन्सिलच्या जुन्या इमारती बघणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा आणि लेखी विचारा.

संमती न घेता काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे, १९९० च्या कायद्याने, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. घाबरवायला सांगत नाहीये, कैद क्वचितच कोणाला होते. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. पूर्ववत करा अशी नोटीस काढायला काळाची मर्यादा नाही, आणि ती येते आत्ताच्या मालकाला. म्हणजे आधीच्याने २० वर्षांपूर्वी फायरप्लेस विकून खाल्ली असेल तर खटला तुमच्यावर होणार नाही पण परत बसवायचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. म्हणून विकत घेताना वकिलाला मुद्दाम विचारायला लावा. आणि कोणी सांगत असेल की लिस्टेड घराच्या मंजूर बदलांवर व्हॅट लागत नाही तर त्याची माहिती जुनी आहे, ती सवलत १ ऑक्टोबर २०१२ ला गेली. मला तर हा उलटा न्याय वाटतो, नवीन घर बांधायला व्हॅट शून्य आणि जुनं सांभाळायला वीस टक्के, आणि वर आम्हीच शहाणपण शिकवायचं की जपा म्हणून.

मी कौन्सिलची वकील नाही हेही लिहून ठेवते. आठ आठवड्यांत उत्तर अपेक्षित असतं आणि महिनोन् महिने लागतात. एक अधिकारी हिरवा रंग चालेल म्हणतो, तो नोकरी सोडून जातो, नवीन येतो तो म्हणतो निळाच पाहिजे. माझ्याकडून एकदा एकच ड्रॉइंग चार वेळा मागून घेतलं होतं, चौथ्यांदा मी पहिलंच पाठवलं आणि ते पास झालं! पत्रातली भाषा तर अशी की मी रोज वाचते तरी दोनदा वाचावी लागते. हा राग खरा आहे तुमचा. फक्त तो राग लाकडावर काढू नका.

वापर बदलण्यावरून किती ताणलं जातं याचं आपल्याच जवळचं उदाहरण घ्या. १० किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिल, बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमाराला जिथे राहत होते ते घर. तेही रांगेतलंच. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, नोव्हेंबरमध्ये उद्घाटनही झालं, आणि नंतर कॅमडेन कौन्सिलने राहत्या घराचं संग्रहालय करायला नकार दिला. अपील, सुनावणी, आणि शेवटी मार्च २०२० मध्ये इथल्या केंद्रीय मंत्र्याने परवानगी दिली. एका राज्य सरकारला जिथे वर्षं लागली तिथे आपण शनिवार-रविवारात गुपचूप उरकू म्हणणं म्हणजे कमालच आहे.

मदत हवी तर आहे. आर्टिलरी लेनपासून हाकेच्या अंतरावर ३७ स्पिटल स्क्वेअरला एसपीएबी नावाची जुन्या इमारती जपणारी संस्था आहे, विल्यम मॉरिस या कवी-डिझायनरने १८७७ ला काढलेली, तिचं ऑफिसही अशाच एका जॉर्जियन घरात. जुन्या घराच्या दुरुस्तीचा सल्ला ते फोनवर फुकट देतात. मी स्वतः विचारते, लाज कसली. त्याच भागात १९७७ मध्ये काही माणसं एल्डर स्ट्रीटच्या ५ आणि ७ नंबरच्या घरांत पाडकाम थांबवायला घुसून राहिली होती, म्हणून ती घरं वाचली आणि त्यातून स्पिटलफील्ड्स ट्रस्ट निघाला. आता त्या गल्लीत घर घ्यायला किती पैसे लागतात ते विचारू नका, तो एक वेगळाच रडण्याचा विषय आहे.

तर ज्या दोघांनी मला फोटो दाखवले त्यांना, हे वाचत असाल तर, तुमच्या तिसऱ्या फोटोत खिडकीच्या वर, पट्टीच्या लगेच खाली, एक अरुंद लांब लाकडी खोबण दिसतेय, तिच्यात पेंट भरलाय. ती माझ्या अंदाजाने उन्हाच्या कापडी पडद्याची पेटी आहे, आकड्याने ओढून रस्त्यावर पसरायचा असतो तसला. आत लोखंडी रूळ शाबूत असेल तर नुसतं कापड बदलून चालू होईल, आणि मग त्या कापडावर तुम्हाला पाहिजे ते नाव देवनागरीत मोठ्ठं लिहिता येईल का हे आपण विचारून बघू. येत्या रविवारी सकाळी मला वेळ आहे. शिडी तुमची, टॉर्च मी आणते. तोपर्यंत बोर्डवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.

तुमचीच,
तळघरात वाकून फिरणारी